धर्म की कायदा? कोकणच्या दोन कायदेशिक्षकांचे उत्तर

मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकवून गेलेल्या दोन प्राध्यापकांची मुळे रत्नागिरी जिल्ह्यात होती. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा जन्म १८८० सालचा, चिपळूणजवळच्या पेढे-परशुराम येथला. वडील दापोलीत वकील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. त्यांच्याही बालपणातला काही काळ दापोलीत गेला. दोघेही आयुष्यभर एकाच प्रश्नाला भिडले. धर्म म्हणून जे पाळायला सांगतात, ते माणसाला बदलता येते का?

काणे आधी रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते, मग हायकोर्टात वकील आणि कायद्याचे प्राध्यापक झाले. त्या काळी हिंदू कायदा शिकवायचा तर ‘मिताक्षरा’ आणि ‘व्यवहारमयूख’ या संस्कृत ग्रंथांना वळसा घालता येत नसे. इंग्रजी अमदानीतली न्यायालये वारसाहक्काचे दावे त्यांच्याच आधारे निकाली काढत. आणि हे दोन ग्रंथ ठिकठिकाणी एकमेकांशी सहमत नव्हते.

बहिणीचा हक्कच घ्या. भाऊ वारला, मागे बायको-मुले नाहीत, आईबापही नाहीत. मूळच्या पैठणच्या घराण्यातला नीळकंठ भट्ट सतराव्या शतकात ‘मयूखा’त सांगतो की, बहीण भावाच्याच गोत्रात जन्मली, म्हणून तीही गोत्रज, आजीच्या पाठोपाठ तिचा हक्क. ‘मिताक्षरा’ या वारसांत बहिणीचे नावच घेत नाही. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात ‘मयूखा’चा शब्द वरचढ, तर रत्नागिरीत ‘मिताक्षरे’चा. रत्नागिरीच्या बहिणीला वारसांत जागा मिळाली ती न्यायालयांच्या निवाड्यांमुळे. जो नियम जिल्ह्याची हद्द ओलांडताच बदलतो, त्याला सनातन कसे म्हणायचे?

‘व्यवहारमयूखा’च्या आवृत्तीला प्रस्तावना म्हणून काण्यांनी धर्मशास्त्राचा आढावा घ्यायला सुरुवात केली आणि त्या प्रस्तावनेचा ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ झाला. १९३० ते १९६२ या काळात त्याचे पाच खंड निघाले, साडेसहा हजारांहून अधिक पानांचे. धर्मशास्त्राला इतिहास आहे, हेच त्या पानांचे मोठे सांगणे. नियम कोणी केला, कधी केला, कोणी मोडला, हे सारे तिथे सापडते. काणे ग्रंथांपुरतेच थांबले नाहीत. केशवपन न केलेल्या ब्राह्मण विधवेला पंढरपुरात विठ्ठलाच्या पूजेला मज्जाव झाला, तेव्हा तिची बाजू त्यांनी न्यायालयात लढवली.

पण इतिहासातून बदल दिसतो. बदलाची दिशा इतिहास ठरवून देत नाही. काण्यांनी तिसऱ्या खंडात कलिवर्ज्यांचा सविस्तर विचार केला आहे. पूर्वी शास्त्रसंमत असलेल्या, पण कलियुगात करू नयेत असे पंडितांनी ठरवलेल्या गोष्टींची ही यादी. परंपरा स्वतःच जुने नियम टाकून देत आली, याचा याहून ठळक पुरावा नाही. मात्र त्या यादीत विधवेचा पुनर्विवाह आहे, दुसऱ्या वर्णातला विवाह आहे, द्विजांचा समुद्रप्रवासही आहे. म्हणजे शास्त्र बदलले, पण माणसाला अधिक जखडण्यासाठी. हा बदल करताना विधवेला कोणी विचारले नव्हते.

आंबेडकरांचे म्हणणे नेमके इथे महत्त्वाचे ठरते. १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. १९३५ साली ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. पुढच्याच वर्षी लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेले त्यांचे भाषण मंडळाने होऊ दिले नाही, म्हणून त्यांनी ते स्वतः छापले. त्यात ते नियम आणि तत्त्व यांत फरक करतात. नियम काय करायचे ते सांगतो आणि माणसाला आज्ञाधारक बनवतो. तत्त्व कृती पारखण्याची कसोटी देते आणि जबाबदारी माणसावर टाकते. हिंदू ज्याला धर्म म्हणतात तो आज्ञांचा साठा आहे, म्हणून तो कायदाच आहे. एकदा लोकांनी त्याला कायदा म्हणून ओळखले की ते बदलाला तयार होतील, कारण कायदा दुरुस्त करता येतो हे सर्वांना मान्य असते.

मग धर्मात उरते काय, हा आक्षेप उथळ नाही. श्रद्धाळू माणसाला आचार म्हणजे निव्वळ हुकूम वाटत नाही. त्यात त्याच्या आईवडिलांची आठवण असते. आंबेडकरांचे उत्तर असे की, धर्म राहावा, पण स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तत्त्वांवर. परंपरेच्या पोटातही या उत्तराला थोडा आधार आहे. याज्ञवल्क्याने सदाचाराबरोबर स्वतःच्या अंतःकरणाला पटणे हेही धर्माचे मूळ मानले, आणि लोकांना तिटकारा येईल असे आचरण शास्त्रात असले तरी करू नये असे सांगितले. तरीही ‘लोक’ म्हणजे कोण, हा प्रश्न राहतोच, आणि तो आंबेडकरांनीच रोखठोक विचारला. काण्यांचा पुरावा आणि आंबेडकरांची कसोटी एकत्र ठेवली तरच उत्तर पुरे होते. एकटा पुरावा मात्र दिशाहीन राहतो.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारस केले. २००५ च्या दुरुस्तीने ती मुलासारखीच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटेकरी झाली. तरी आज कोकणात वाटपाच्या वेळी बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. कायदा बदलला, पण घराघरात रीत धर्माच्या नावाने राज्य करते.

रत्नागिरीतल्या विधी महाविद्यालयाला भागोजीशेठ कीर यांचे नाव आहे. सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर १९३१ साली त्यांच्याच पैशातून उभे राहिले. या महाविद्यालयाच्या वर्गात वारसाहक्काची कलमे शिकवताना काण्यांचा तिसरा खंड आणि आंबेडकरांचे १९३६ चे भाषण शेजारी-शेजारी वाचायला द्यावे. आणि विद्यार्थ्यांनी आपल्या घरचा सातबारा काढून त्यावर आत्यांची, बहिणींची नावे आहेत का, हे पाहावे.