रूपाची वाट पाण्यातून जाते

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर, झरी-जामणी भागातल्या शाळांत फोटो काढायची वेळ आली की काही पोरं ओठ घट्ट मिटून घेतात. हसू आलंच तर हात आपोआप तोंडावर जातो. त्यांच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे असतात, कुणाच्या दातांवर तपकिरी डाग, तर कुणाच्या पुढच्या दातांच्या कडा खडबडीत झालेल्या. ‘दात घासत नाही का रे?’ हे ऐकून ऐकून ही पोरं उत्तर द्यायचंच सोडून देतात. खरं उत्तर गावच्या बोअरमध्ये असतं.

इथल्या खडकातला फ्लोराइड खोल बोअरच्या पाण्यात उतरतो. पिण्याच्या पाण्यात तो लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. कायमचे दात हिरडीच्या आत घडत असतात ते साधारण आठव्या वर्षापर्यंत. त्या वयात जास्त फ्लोराइड पोटात गेला की दातांचं वरचं कवच कच्चं राहतं आणि दात बाहेर येतो तो डाग घेऊनच. मग कोळसा घासा की लिंबू-सोडा चोळा, डाग जात नाही, उलट उरलंसुरलं कवच झिजतं. पाणी उकळूनही उपयोग नाही. पाणी आटतं, फ्लोराइड तेवढाच राहतो. मोठ्या मुलांच्या डागांवर दंतवैद्याकडे काही इलाज आहेत. धाकट्यांसाठी मात्र एकच उपाय खरा : तपासलेलं, कमी फ्लोराइडचं पाणी. गावात तसं पाणी नसेल तर पावसाचं पाणी साठवता येतं, नाहीतर तुरटी-चुन्याची ‘नालगोंडा’ पद्धत आहे. ती आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनेच विकसित केली.

म्हणून रूपाचा आणि आत्मविश्वासाचा विषय निघाला की मी आधी पाण्याबद्दल विचारतो. चांगलं दिसण्याची नैसर्गिक वाट आहे, पण ती निम्मी आपल्या घरातून जाते आणि निम्मी ग्रामपंचायतीतून. निम्म्या वाटेची जबाबदारी कुणी घ्यायची नाही आणि पोरीला मात्र ‘जरा आत्मविश्वास ठेव’ म्हणायचं, हा अन्याय आहे.

रक्ताचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निस्तेज चेहरा, गळणारे केस, पायऱ्या चढताना लागणारी धाप आणि चारचौघांत बोलायचा येणारा कंटाळा, यातलं बरंच काही रक्तातल्या लोहाशी जोडलेलं असतं. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई सगळ्यांची ताटं झाल्यावर उरलेलं खाते आणि वर चहा घेते. चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. तोच चहा तास-दोन तास पुढे ढकलला, वरणावर लिंबू पिळलं, पालेभाजी तिच्याही ताटात पडली, शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी पोरीनं दप्तरात न ठेवता खरंच घेतली, तर फरक पडतो. तो आठ दिवसांत दिसणार नाही, काही महिने लागतील. रक्त फारच कमी असेल तर नुसत्या आहारावर विसंबू नये, तपासणी करून औषध घ्यावं.

घाई मात्र महागात पडते. लग्न ठरलं की कुणीतरी मेडिकलमधून गोरं करणारी ट्यूब आणायला सांगतं. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, मुरूम येतात, नको तिथे लव वाढते, आणि यवतमाळच्या उन्हात चेहऱ्याची आग आग होते. मलम बंद केलं की त्रास आणखी उसळतो, म्हणून पोरगी ते सोडत नाही. अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला, पण घरोघर ती अजून ‘क्रीम’ म्हणूनच वापरली जातात. आपलं ऊन ४४-४५ अंशांवर जातं. त्यापासून जपायला सुती दुपट्टा, डोईवर पदर आणि भरपूर पाणी लागतं. कातडीचा मूळ सावळा रंग हा आजार नाही, त्यामुळे त्याला औषधही नाही.

आता आत्मविश्वासाबद्दल. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळला ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनासाठी दिलेलं निमंत्रण मागे घेतल्यामुळे वाद पेटला होता आणि त्या गदारोळात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी, कळंब तालुक्यातल्या राजूरची, व्यासपीठावर उभी राहिली. त्या आधी ‘तेरवं’ नाटकात काम करत होत्या. शेतकऱ्यांच्या विधवांचं जगणं त्याच बायांनी रंगमंचावर मांडायचं, असं ते नाटक. नवरा गेल्यावर जिनं पुढे पुढे करू नये, नटू नये, असं समाज सांगतो, ती लोकांसमोर उभी राहते, तालमी करते, आवाज मोठा करते. तिथे धीर अंगात मुरतो. आधी चेहरा सुधारू मग बोलू, असं म्हणणाऱ्याची पाळी कधी येत नाही. बोलायला लागलेल्या माणसाची मान आपसूक वर होते.

दिवाळीत उटणं लावा, तेल चोळा. सुख आहे त्यात. पण यंदाच्या ग्रामसभेत पाणी तपासणीचा अहवाल मागा. घरातल्या बाईचं ताट सगळ्यांबरोबर वाढा, तिचं रक्त तपासून घ्या. आणि डागाळलेल्या दातांचं पोर समोर आलं तर घासण्यावरून त्याला टोकू नका, गणेशोत्सवातल्या नाटकात त्याला काम द्या.