उसना गळा

आमच्याकडं पूर्वी इर्जिक असायची. ज्याच्याकडं बैल कमी, त्याच्या रानात गावातले सगळे आपापली औतं घेऊन जायचे आणि एका दिवसात नांगरट उरकून द्यायचे. मजुरी नाही, संध्याकाळी पोटभर जेवण. आता ट्रॅक्टर आले. तासाच्या हिशोबानं भाडं द्यायचं आणि मोकळं व्हायचं. मला यात काही वावगं दिसत नाही. रान नांगरलं गेलं म्हणजे झालं, कुणी नांगरलं ते ज्वारीला कळत नाही.

पण अशी काही कामं आहेत का, जी दुसऱ्याकडून भाड्यानं करून घेतली तर ती झालीच नाहीत असं म्हणावं लागेल? मी दहावी शिकलेला माणूस, मोठ्या ग्रंथांत उत्तर शोधायची माझी ऐपत नाही. प्रश्नसुद्धा मला ग्रंथात सापडला नाही. तो मला शिवडीत सापडला, आणि तोही गाण्यावरून.

आम्ही राहुरी तालुक्यातले ख्रिस्ती शेतकरी. दुष्काळानं आणि कर्जानं आमची बरीच घरं मुंबईला गिरणीत गेली. माझा थोरला चुलतभाऊ परळच्या एका गिरणीत लागला आणि शिवडीत राहिला. १९८२ चा संप झाला, गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या चालल्या नाहीत, पण माणसं तिथंच राहिली. कांदा काढून झाला की दरवर्षी मी पंधरा दिवस त्याच्याकडं जायचो. रविवारी त्यांच्याबरोबर उपासनेला बसायचो. मोठं चर्च नव्हे ते. एक खोली, सतरंजी, भिंतीवर क्रूस, आणि म्हटलं तर वीस माणसं, पावसाळ्यात सात.

या खोलीत एकेकाळी गाणं कसं व्हायचं ते मी ऐकलेलं आहे. पेटीवर साचेखात्यातला एक माणूस, ढोलकीवर त्याचा पुतण्या, आणि बायांच्या हातात झांजा. पुढं पेटीवाला गावी गेला आणि तिकडंच वारला. पुतण्या मॉलमध्ये सुरक्षारक्षक झाला, रविवारी त्याला सुट्टी नाही. पेटी कापडाखाली पडून राहिली. खाडीच्या खाऱ्या हवेनं तिच्या पत्त्या गंजल्या, भाता फाटला. आता तिच्यावर स्तोत्रांची पुस्तकं ठेवतात.

मग माझ्या पुतण्यानं एक छोटा स्पीकर आणला. फोनमध्ये गाणं लावायचं आणि सगळ्यांनी त्याच्याबरोबर म्हणायचं. पहिल्या रविवारी सगळे खूश झाले. केवढा आवाज! बासरी काय, तबला काय, आणि गाणारी बाई म्हणजे साखर. मीही कौतुक केलं. तिसऱ्या वर्षी गेलो तेव्हा ध्यानात आलं की गातो तो फक्त स्पीकर. मंडळी उभी राहून ऐकते. काहींचे ओठ हलतात, आमच्या आत्याचे तेही नाही. आत्या ऐंशीच्या पुढची. तिला वाचता येत नाही, पण निदान शंभर गीतं तोंडपाठ.

मी तिला विचारलं, "आत्या, तू का म्हणत नाहीस?"

ती म्हणाली, "ती बाई लई वर म्हणती रं. अन् थांबत न्हाई."

आत्याच्या या दोन वाक्यांवर मी पुष्कळ दिवस विचार केला. पहिलं वाक्य पट्टीचं आहे. रेकॉर्डातल्या बाईला काळी चार सहज झेपते, तो तिचा धंदा आहे. धुण्याभांड्यांची कामं करून आलेल्या बायका आणि गिरणीत कापूस गिळलेले म्हातारे यांना तिथवर चढता येत नाही. त्यांच्यातलाच कोणी गाणं उचलतो तेव्हा तो आपोआप खाली धरतो, कारण त्याचाही गळा तसाच. दुसरं वाक्य जास्त खोल आहे. चांगला सांगाता दोन ओळींमध्ये थांबतो. एखाद्या म्हाताऱ्याचा दम भरायचा असतो, कुणाचं पान सापडायचं असतं, दारातून आत येणारी बाई ध्रुवपदाला मिळायची असते. त्याचा एक कान सगळ्यांत मागं बसलेल्याकडं असतो. यंत्र कुणाची वाट पाहत नाही. आणि मधेच अर्धा मिनिट नुसती वाद्यं वाजतात तेव्हा मंडळी एसटीच्या थांब्यावर उभी असल्यासारखी एकमेकांकडं बघत राहते.

पुतण्याशी मी बोललो. तो चिडला नाही, पण त्यानं मला निरुत्तर केलं. "तात्या, तुम्ही पाहुणे. वर्षातून दोन रविवार येता. आम्ही बावन्न रविवार काढतो. पावसात सात माणसं येतात, त्यातल्या दोघांना खोकला. कुणी सुरुवात करायची? करतो तो बेसूर जातो, पोरं फिदीफिदी हसतात, आणि पुढच्या रविवारी तोही येत नाही. देवाला चांगलं द्यावं असं तुम्हीच सांगता ना? मग सडका कांदा आम्ही कसा द्यायचा?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. स्तोत्रसंहितेतल्या दीडशेव्या स्तोत्रात वाद्यांची यादीच आहे. कर्णा, वीणा, डफ, झांजा, सगळं. वाद्य नको असं देवानं कुठं म्हटलेलं नाही. शिवाय आपण ज्या पेटीसाठी हळहळतो ती तरी कुठं आपली? ती विलायतेहून आली. मिशनरी लोकांना मोठा ऑर्गन खेडोपाडी नेता येत नव्हता, म्हणून त्यांनी पेटी नेली. परकं वाद्य म्हणून रेडिओनं १९४० साली तिला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत उघडलं नाही. तेव्हा कालचं यंत्र पवित्र आणि आजचं यंत्र पापी, असं मला म्हणता येईना.

मग मी उलट बाजूनं विचार सुरू केला. वाजवणारा नसताना माणसं पूर्वी काय करत होती?

फार लांब जायला नको. आमची आई पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची, जात्याची घरघर हाच तिचा सूर. सुगीत भलरी व्हायची. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी विळ्याच्या लयीत उचलायची. त्यात वादक कोण होता? आणि बेसुरा गडी कुणी रानातून हाकलला होता का? त्याचा आवाज बाकीच्यांत झाकून जायचा. सगळ्यांनी मिळून गाण्याचा हा मोठा फायदा आहे. एकट्याचा बेसूर कानाला खुपतो, पंधरा जणांच्या गाण्यात तो विरून जातो.

आमच्या ख्रिस्ती गाण्यालाही हे ठाऊक होतं. सुरुवातीला मिशनरी लोकांनी इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवले. त्या चालीत आपला शब्द नको तिथं मोडायचा, आणि चाल सांभाळायला ऑर्गन लागायचा. मग नगरच्या भागात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं. पुढं नारायण वामन टिळक आले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेला हा कवी १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाला, आणि नगरला, आमच्या राहुरीलाही, राहिला. त्यांनी अभंग, ओवी, पदं लिहिली. 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकात त्यांची शंभरावर गीतं आहेत. लोक म्हणतात त्यांनी येशूला मराठी कपडे दिले. मला शेतकऱ्याला त्यात आणखी एक दिसतं. अभंगाला दोन टाळ्या पुरतात. वाचता न येणारी बाईसुद्धा दुसऱ्यांदा ऐकून तो म्हणू शकते. ज्याच्याकडं काही नाही त्यालाही गाता यावं, अशी ती सोय आहे.

आणि साहेबाच्या देशातही सगळीकडं ऑर्गन नव्हता बरं का. ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर उभं आहे ते डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. ते ज्या स्कॉटलंडातून आले तिथल्या चर्चमध्ये वाद्याविना स्तोत्रं म्हणत. एक जण पुढं उभा राहून ओळ सांगायचा, बाकीचे ती ओढून घ्यायचे. विल्सन ज्या फ्री चर्चचे होते, त्या चर्चनं वाद्यांना मोकळीक दिली ती १८८३ साली. म्हणजे आमची भलरी आणि त्यांची स्तोत्रं एकाच रीतीची निघाली.

एवढं सगळं पुतण्याला सांगून त्याचं समाधान झालं असतं का, मला शंका आहे. पुढच्या वर्षी माझा चुलतभाऊ गेला, आणि मला सांगायची गरज राहिली नाही.

शिवडीचं ख्रिस्ती कबरस्तान जुनं आहे. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी १८६५ च्या सुमारास ते वसवलं. त्याआधी तिथं बाग होती. बोरीबंदरचं स्टेशन बांधणारे स्टीव्हन्ससाहेब तिथंच पुरलेले आहेत. अशा मोठमोठ्या नावांच्या दगडांमधून वाट काढत आम्ही आमच्या गिरणीकामगाराला नेलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, पेटी खाली सोडली, आणि रीतीप्रमाणं एकेकानं मूठ मूठ माती टाकली. मग फावडी सुरू झाली. आमच्यात खड्डा भरेपर्यंत गीत म्हणतात. पुतण्यानं स्पीकर आणला होता. बापासाठी त्यानं चांगलं निवडून गाणं लावलं.

गाणं साडेचार मिनिटांत संपलं. खड्डा अर्धाही भरला नव्हता. नुसता फावड्यांचा आवाज यायला लागला. तो पोरगा ओल्या हातानं फोनवर दुसरं गाणं शोधत होता. ते लागायच्या आधी जाहिरात लागली, मसाल्याची. कुणी हसलं नाही. त्याचं तोंड पाहवत नव्हतं.

तेवढ्यात आत्यानं गीत उचललं. खूप खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखं. दुसऱ्या ओळीला बाया मिळाल्या, तिसरीला आम्ही. पुतण्यानं फोन खिशात घातला. कडवी संपली तेव्हा आत्यानं खड्ड्याकडं बघितलं, माती अजून होती, तिनं ध्रुवपद परत घेतलं. मग पहिलं कडवं परत. अशी ती मातीकडं बघत बघत गाणं लांबवत राहिली, आणि माती बरोबरीला आली तेव्हा थांबली. सूर कसा होता म्हणाल, तर चांगला नव्हता. दोन-तीन वेळा तो घसरला. पुतण्या शेवटची दोन कडवी म्हणाला, त्याचा आवाज फुटत होता. पण बापाला मातीआड करताना तो स्वतः गायला, एवढं त्याच्याजवळ राहिलं.

त्या दिवसानंतर मला सडक्या कांद्याचं उत्तर सापडलं असं वाटतं. बाजारात कांदा विकायचा तर निवडून, प्रतवारी करूनच न्यायला हवा, कारण घेणाऱ्याला कांद्याशी मतलब. पण विधवेच्या दोन दमड्या येशूनं मोठ्या मानल्या, त्या दमड्यांची किंमत बघून नव्हे. त्या तिच्या होत्या म्हणून. तिनं शेजारच्या सावकाराची थैली उसनी आणून पेटीत टाकली असती तर मंदिराला पैसा जास्त मिळाला असता, देणारी मात्र ती राहिली नसती. उपासनेतलं गाणं मला तसं वाटतं. देवाला चांगलं गाणं ऐकायची हौस असेल तर त्याच्याकडं कोकिळा आहेत. तुरुंगात मध्यरात्री पौल आणि सीला गायले, तेव्हा त्यांच्या पायांत खोडे होते, साथीला कोण असणार?

याचा अर्थ स्पीकर फेकून द्या असं मी म्हणत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तो मोठा आधार आहे. नवी चाल शिकायची तर पूर्वी आम्हाला दहा कोस चालत जावं लागे, आता सून स्वयंपाक करता करता शिकते. शिकवणारं यंत्र मला चालतं. आपल्या जागी उभं राहून गाणाऱ्या यंत्राबद्दल माझी तक्रार आहे. ट्रॅक्टरनं माझं रान नांगरावं, माझ्या वतीनं माझ्या भावाच्या मयताला जाऊ नये.

आणि एक बोट स्वतःला जाणकार म्हणवणाऱ्यांकडंही दाखवलं पाहिजे. "मला गळा नाही" असं म्हणणारी माणसं जन्मतः तशी नसतात. त्यांना कधीतरी कुणीतरी हसलेलं असतं. ज्यांना चाली येतात त्यांच्यावर दुसऱ्याला शिकवायचं ऋण आहे, बियाणं राखून ठेवणाऱ्यावर असतं तसं. शंभर गीतं पाठ असलेली म्हातारी खोलीत बसलेली असताना तिला कुणी विचारू नये, हे वादक नसण्यापेक्षा मोठं दारिद्र्य.

आत्या अजून आहे. शनिवारी संध्याकाळी शेजारची एक सातवीतली मुलगी तिच्याजवळ बसते आणि गीतांच्या सुरुवाती शिकते. आत्तापर्यंत अकरा झाल्या. पावसाच्या रविवारी अजूनही स्पीकर लागतो, त्याबद्दल मी पुतण्याला काही बोलत नाही. मात्र शेवटचं गीत लागायच्या आधी तो हात पुढं करून बटण बंद करतो, आणि मग त्या पोरीकडं सगळे बघतात.