विचारणारा कोण?

मध्यंतरी काही महिने कुणालाही फोन लावला की पलीकडची घंटी वाजण्याआधी अमिताभ बच्चन सायबर ठगांपासून सावध राहायला सांगत. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौसरच्या कियोस्कवर त्या दिवसांत एक गंमत सर्रास घडे. काउंटरसमोर बाई उभी, हातात आधार कार्ड आणि समग्र आयडीची मळकी झेरॉक्स. केवायसी करायची असते, पण आधारला जोडलेला मोबाइल नागपुरात कामाला गेलेल्या मुलाच्या खिशात. दुकानातला पोरगा त्याला फोन लावतो. बच्चनसाहेबांची ताकीद निमूट ऐकून घेतो. मुलानं फोन उचलला की म्हणतो, "भाऊ, काकूच्या केवायसीचा ओटीपी आला असंल, सांगा बरं." सहा आकडे येतात, कीबोर्डावर उमटतात आणि रांग एका माणसानं पुढे सरकते.

ताकीद आणि तिचा भंग, दोन्ही एकाच फोनमध्ये. आणि दोन्ही सरकारमान्य.

शहरातून आलेल्या शहाण्याला हे पाहून चीड येते, आणि ती अगदीच गैरलागू नाही. पासवर्ड कसा असावा, अनोळखी लिंक का उघडू नये, 'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकार कायद्यात कुठेच कसा नाही, हे सगळं आता सांगून झालेलं आहे. 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांनी थांबा, विचार करा, मग पाऊल उचला असं बजावलं. तरीही माणसं फसतात. मग सायबर जागृतीच्या कार्यक्रमातला वक्ता माइक हातात घेऊन निकाल देऊन टाकतो : यंत्रणा चोख आहे, लोकच बेसावध आहेत.

या वक्त्याशी भांडायला हवं. तो खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो.

या पट्ट्यातल्या बाईला रोज काय काय सांगावं लागतं ते त्यानं एकदा मोजावं. मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाला आठ आकडी समग्र क्रमांक आणि कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला नऊ आकडी. 2023 मध्ये लाडली बहना योजना आली तेव्हा समग्र आणि आधारची जोडणी, आणि थेट पैसे जमा होतील असं आधारशी जोडलेलं बँक खातं, या अटी होत्या. महिना हजार रुपयांपासून सुरू झालेल्या त्या रकमेसाठी बायका कडक उन्हात रांगेत उभ्या राहिल्या. त्यात हा सीमेचा मुलूख. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, पण सोयरिकी अजून काटोल, नरखेड, वरुडकडेच होतात. सौसरची मुलगी नरखेडला दिली की बापाच्या समग्रमधून तिचं नाव काढायचं, तिकडे आधारवरचा पत्ता बदलायचा, आणि 2024 मध्ये महाराष्ट्राची लाडकी बहीण आली तेव्हा परराज्यात जन्मलेली म्हणून नवऱ्याचे दाखले जोडायचे. दर पायरीला कुणीतरी आकडे विचारतं. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला पोरगासुद्धा दारात उभा राहून कोड मागतो. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं या बाईला सांगणं म्हणजे तिला सरकारी योजनेतून उठवणंच आहे. ती सांगते, कारण सांगितल्याशिवाय काही मिळत नाही हे तिला याच यंत्रणेनं शिकवलंय.

आणि यंत्रणा तरी कुठे एका मताची आहे? मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं पत्रक काढलं, की आधारची झेरॉक्स वाटेल त्याला देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. फक्त शेवटचे चार आकडे दिसतील अशी प्रत द्या. दोन दिवसांत पत्रक मागे घेतलं गेलं. लोक भलताच अर्थ काढतील, नेहमीची खबरदारी घेतली म्हणजे झालं, असा खुलासा आला. पत्रक काढणाऱ्यांना जे दोन दिवस पेलता आलं नाही ते लोधीखेड्याच्या म्हातारीनं जन्मभर पाळावं, अशी वक्त्याची अपेक्षा आहे.

त्याचा दुसरा ठेवणीतला मुद्दा असा, की खेड्यात खाजगीपण असतंच कुठे? कुणाच्या संत्र्याचा बहार कितीला गेला, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे, सगळं पारावर उघडं. मग सरकारला कळलं तर बिघडलं काय?

इथे एक भेद करायला हवा. गावाला माहीत असणं वेगळं आणि नोंदीत असणं वेगळं. गावाला तुमचं माहीत असतं तसं तुम्हाला गावाचं माहीत असतं. कर्जावरून टोमणा मारणाऱ्याच्या घरातली भानगड तुमच्याही जिभेवर असते. शिवाय गाव विसरतं, सोडून देतं, वेळ पाहून गप्प बसतं. नोंद विसरत नाही, आणि ती वाचणारा माणूस तुम्हाला कधी दिसतच नाही.

हा भेद पाहायचा तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात यावं. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये पात्रात रोवलेला झेंड्याचा पळस, आणि दोन्हीकडून धोंड्यांचा मारा. या गोटमारीत माणसं जायबंदी होतात, काही वर्षी जिवालाही मुकतात. प्रशासनानं जमावबंदीचे हुकूम काढले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडू कुणी घेतले नाहीत. धोंडा कुणाचा, हे काठावरच्या निम्म्या लोकांना ठाऊक असतं. डोकं फुटलेल्याला तर हटकून. पण साक्षीला कुणी येत नाही. हल्ली काठावर सीसीटीव्ही लागतात, वर ड्रोन फिरतात. म्हणजे गावाला जे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं त्याची आता नोंद होते. त्यानं मेळा शहाणा झाला असं कुणी म्हणणार नाही, आणि धोंडे मारणं हा काही जपून ठेवावा असा हक्क नव्हे. तरी तोंडाला गमछा बांधून उतरणारा गडी कुणापासून लपतो, हा प्रश्न उरतोच. सावरगावकरांपासून तर नक्कीच नाही.

नोंदीचं हे भय या राज्याला नवं नाही. खाजगीपणाच्या हक्काची आपल्याकडची चर्चा जणू मध्य प्रदेशातूनच फिरून गेली आहे. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या खटल्याचा निकाल दिला. पोलिसांनी गोविंदच्या नावानं हिस्ट्रीशीट उघडली होती, रात्री-अपरात्री दार वाजवून तो घरात आहे का ते पाहिलं जाई. असा हक्क असू शकतो, असं न्यायालय म्हणालं, आणि गोविंदचा अर्ज मात्र फेटाळला. पुढच्याच वर्षी जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावानं गाजलेल्या खटल्यात, आणीबाणीत अटक झालेल्याला कोर्टात दाद मागता येणार नाही, असं बहुमतानं ठरलं; त्या बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्या निकालपत्रात जबलपूरचा निकाल खोडून काढणारे न्या. धनंजय चंद्रचूड त्यांचेच चिरंजीव. बापाची नोंद मुलानं दुरुस्त करायला 41 वर्षं लागली.

एवढ्यावर वक्त्याचा पराभव झाला असं म्हणून थांबता आलं असतं. ओळखीचा कियोस्कवाला बरा आणि दूरचा सर्व्हर वाईट, असं गोड चित्र रंगवून. पण ते टिकत नाही, कारण ओळखीचा माणूसही गंडवतो. आधारवरून पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढं पुरतं; ओटीपी लागतच नाही. "काकू, अंगठा बरोबर नाही लागला, अजून एक डाव लावा," म्हणत दोनदा पैसे काढून एकदाच हातावर ठेवण्याची युक्ती देशभर पोलिसांच्या दप्तरात आहे. तेलंगणात 2018 मध्ये जमिनीच्या दस्तांच्या ऑनलाइन प्रतींवरचे ठसे उचलून सिमकार्डं चालू केल्याचं उघड झालं. 2023 मध्ये कोलकात्यात अशाच ठशांनी खाती रिकामी झाल्यावर पोलिसांनी लोकांना बायोमेट्रिक लॉक करायला सांगितलं. दस्तावर अंगठा उठवणारी माणसं कुणालाही काही सांगायला गेली नव्हती. त्यांचा बेसावधपणा नेमका कुठला?

तेव्हा प्रश्न ओळखीचा नाही, आणि लपवण्याचा तर मुळीच नाही. कियोस्कवरची बाई डोळे झाकून कुणालाही आकडे देत नाही. "कोणाचा हायेस रे तू?" एवढं ती आधी विचारून घेते. जाब विचारायला उद्या कुणाच्या दारात जायचं, हे तिला ठाऊक असावं लागतं. तिचा हा हिशेब वक्त्याच्या नियमापेक्षा पक्का आहे. तो कियोस्कच्या काउंटरपर्यंत चालतो, तिथून पुढे यंत्रणा त्याला उत्तर देत नाही.

2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तरी उत्तर देतो का? त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायची आहेत. संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची तरतूद आहे, म्हणजे हिंदी कारभाराच्या या जिल्ह्यात ती मराठीतही मागता येईल. पण अनुदान आणि योजनांसाठी सरकारला नव्यानं संमती घेण्याची गरजच नाही. म्हणजे सगळ्यात जास्त माहिती जो घेतो त्यालाच न विचारण्याची सूट. उलट खोटी तक्रार केली तर नागरिकाला दहा हजारांपर्यंत दंड. आणि याच कायद्यानं माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलमही असं आवळलंय, की खाजगीपणाचं पांघरूण बाबूला आधी मिळावं आणि बाईला नंतर. पंचायतीच्या भिंतीवर रंगवलेली घरकुलाची यादी काय वाईट होती? तीत बाईचं नाव चारचौघांत उघडं पडायचं, हे खरं. पण घर मिळालं कुणाला आणि मधल्या मधे खाल्लं कुणी, हेही त्याच भिंतीवरून विचारता यायचं.

म्हणून माहिती झाका असं सांगत फिरण्यापेक्षा माहिती घेणाऱ्याला उघडं करा असं म्हणणं जास्त रास्त ठरतं, मग त्यात जुन्या धाटणीच्या खाजगीपणाचा थोडा बळी गेला तरी चालेल. कोणत्या संस्थेनं आपलं आधार कधी तपासलं, ही गेल्या सहा महिन्यांची यादी आधारच्या संकेतस्थळावर आजही दिसते. पण ती पाहायला पुन्हा मुलाच्या मोबाइलवरचाच ओटीपी लागतो. तीच यादी कियोस्कवर कागदावर छापून मिळावी. प्रत्येक केवायसीची मराठी पर्ची द्यावी : काम कोणतं, केलं कुणी, माहिती कोणत्या खात्यात गेली, तक्रार कुठे करायची. यावर वक्ता म्हणेल, लोक पर्च्या दारातच फेकून देतील. बऱ्याच जणी देतीलही. पण जिचा हप्ता अडेल ती पर्ची घेऊन तहसीलात उभी राहील, आणि तिथल्या बाबूला 'सर्व्हर डाउन' म्हणून हात झटकता येणार नाहीत. अमक्या तारखेला अमक्यानं काय केलं, एवढं त्याला रजिस्टर काढून सांगावं लागेल.