समूह वाढतो, अदब कोण शिकवतो?

आपल्या मोहल्ल्यातील एखादा व्हॉट्सअॅप समूह आठवून पाहा. प्रारंभी तीस-चाळीस ओळखीची माणसे असतात. जनाजाची वेळ, रक्ताची निकड, एखाद्या यतीम मुलाची फी, एवढेच तेथे लिहिले जाते. पुढे सदस्य शेकड्यांनी वाढतात, अनोळखी क्रमांक येतात, वाद पेटतात आणि जाणती माणसे एकेक करून मुकाट्याने बाहेर पडतात. अशा वेळी दोष कोणाचा मानावा? नव्याने आलेल्यांचा, की निघून गेलेल्यांचा?

हा अनुभव केवळ आपला नाही. १९८० साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून ‘यूजनेट’ हे संगणकांवरील चर्चेचे जाळे सुरू झाले. दरवर्षी सप्टेंबरमध्ये विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, त्यांना या जाळ्यात प्रवेश मिळे आणि काही काळ गोंधळ माजे. जुने सदस्य त्यांना तेथील रीत समजावीत व गोंधळ शमे. पुढे सामान्य ग्राहकांनाही दार उघडले आणि १९९३ च्या सप्टेंबरपासून नवख्यांचा ओघ आटलाच नाही. जुन्यांनी त्याला ‘न संपणारा सप्टेंबर’ असे नाव दिले. नवखे पूर्वीही अजाणच होते. बदलले ते प्रमाण. शिकणारे अगणित आणि शिकवणारे मूठभर झाले, तेव्हा रीत मोडली.

मदीनेतील समाजही असाच झपाट्याने वाढला होता. हिजरी ९ मध्ये अरबस्तानातील टोळ्यांची शिष्टमंडळे एकामागून एक येऊ लागली. बनू तमीमच्या काही लोकांनी प्रेषितांना (स.) हुजऱ्यांबाहेरून मोठ्याने हाका मारल्या, असे भाष्यकार सांगतात. सूरह अल-हुजुरातने त्यांची नासमज दाखवून दिली, आणि लगेच अल्लाह क्षमाशील व दयावान असल्याचे स्मरणही दिले. दार मात्र बंद झाले नाही.

परंतु त्याच सूरहमध्ये आवाज उंचावू नका, ही ताकीद कोणत्या प्रसंगी आली? सहीह बुखारीतील रिवायतीनुसार, याच शिष्टमंडळाच्या निमित्ताने हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) यांच्यात वाद होऊन त्यांचे आवाज चढले, तेव्हा. म्हणजे शिकवण नवागतांना मिळाली, तशीच सर्वांत जुन्या सोबत्यांनाही मिळाली. त्यानंतर हजरत उमर (रजि.) इतक्या हळू बोलत, की प्रेषितांना (स.) पुन्हा विचारावे लागे. ज्याचा दरारा सर्वांना ठाऊक, त्यानेच आवाज उतरवला. याहून मोठा धडा नव्या माणसाला कोण देणार?

व्यर्थ वादातून बाजूला होणे श्रेयस्करच आहे. मात्र रीत ठाऊक असूनही ती न सांगता निघून जाणे, याला सब्र म्हणता येणार नाही. ज्ञान ही अमानत आहे. ती पुढच्याच्या हाती सोपवल्याशिवाय आपण मोकळे होत नाही. म्हणून नव्या सदस्याची चूक चारचौघांत उघडी न पाडता त्याला एकांतात समजवावे, खात्री नसलेली बातमी आपण स्वतः पुढे पाठवू नये, आणि मतभेदात प्रथम आपला स्वर खाली आणावा. समूह कितीही वाढो, एका माणसाने एका माणसाला अदब शिकवण्याचे काम कधीच कालबाह्य होत नाही.

अल्लाह आपल्या जिभेला आणि बोटांना सत्य व सौजन्याची सवय लावो. आमीन.