पडद्यामागचा दिवा

फोनची स्क्रीन काळी पडली की दुरुस्तीवाला तिच्यावर टॉर्चचा तिरका झोत टाकून बघतो. स्क्रीन एलसीडी असेल, तर कधी कधी काचेआड अंधुक चिन्हं दिसतात. चित्र जागेवर असतं, मागचा दिवा तेवढा गेलेला असतो.

एलसीडीतले द्रवस्फटिक स्वतः उजळत नाहीत. मागून येणारा एलईडींचा प्रकाश ते अडवतात किंवा सोडतात. त्यामुळे यंत्र सुरू होताना क्रम पाळावाच लागतो: आधी पॅनेलला वीज, मग चित्राचा सिग्नल, तो स्थिरावला की बॅकलाइट. लिनक्समध्ये पडदा चालवणाऱ्या ड्रायव्हरसाठी या टप्प्यांमधली थांबण्याची वेळ मिलिसेकंदांत लिहून ठेवतात. दिवा घाईनं लागला, तर पांढरा लखलखाट होतो किंवा मेमरीतला कचरा पडद्यावर उमटतो.

पडद्यामागचा हा दिवा जाणिवेविषयीच्या एका जुन्या प्रश्नाचा दाखलाही होतो. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. शके १११० म्हणजे इ.स. ११८८ च्या ‘विवेकसिंधू’त त्यांनी अद्वैत मराठीत मांडलं. अद्वैतातला तो प्रश्न असा: गाढ झोपेत काहीच दिसत नाही, मग जाणीव विझते का? अद्वैती ‘नाही’ म्हणतात; सगळं पाहणाऱ्या या न विझणाऱ्या जाणिवेला ते साक्षी म्हणतात. एलसीडीवर पूर्ण काळं चित्र लावून पाहावं. भर उजेडात ती बंदच वाटते; अंधाऱ्या खोलीत मात्र त्या काळ्यातून राखाडी उजेड झिरपतो. दिवा पेटलेलाच असतो, दाखवायला काही नसतं. झोपेविषयीचं उत्तर याहून स्पष्ट दाखवणारं यंत्र सापडणं कठीण.

दाखला मात्र इथंच थांबवला पाहिजे. बॅकलाइटला चालू-बंद आहे, तो मंद होतो, जळतोही. साक्षी असा लागत-विझत असेल, तर ते लागणं-विझणं पाहणारा दुसरा कोणी मानावा लागेल, आणि त्याच्यामागे तिसरा.

अंबाजोगाईच्याच दासोपंतांनी (१५५१–१६१५) सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर (कापडावर) पंचीकरण लिहिलं: पाच भूतांच्या मिश्रणातून स्थूल जग कसं घडतं, ते. तैत्तिरीय उपनिषदात ही भूतं आकाशापासून पृथ्वीपर्यंत क्रमानं उपजतात. लय उलट क्रमानं होतो, असं ब्रह्मसूत्रं सांगतात. पडदा बंद करतानाही क्रम उलटतो: आधी दिवा, मग सिग्नल, शेवटी वीज. फरक एकच, आणि तो मोठा आहे. भूतांच्या त्या क्रमात साक्षी कुठेच येत नाही. ड्रायव्हरच्या क्रमात मात्र दिवा सुरू होताना शेवटचा आणि बंद होताना पहिला असतो.