चिकट भात

नागपुरात गोळीबार चौकाच्या मागे एका गल्लीत एक सावजी भोजनालय आहे, असं समजा. नाव कुठलंही घ्या. त्या भागात पाटी वाचून कोणी आत शिरत नाही, रश्शाच्या वासावर शिरतं. मालक हलबा कोष्टी. आजोबा हातमागावर बसत. वडील जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये होते. घरातले माग आधीच गेले, मग मिलही गेली, तेव्हा आईने पुढच्या खोलीत चार बाकडी टाकली आणि घरचं मटण विकायला काढलं. नागपुरातल्या कितीतरी सावजी भोजनालयांची कुळकथा थोड्याफार फरकाने अशीच आहे.

या मालकाचा भाचा लाओसमध्ये, लुआंग प्राबांगच्या एका हॉटेलात काही वर्षं भटारखान्यात राबून परत आला. मामाच्या भिंतीला लागून मामाचाच एक गाळा रिकामा होता. तिथे त्याने लाओ जेवणाचं छोटंसं दुकान टाकलं. प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टीलचे पेले, भिंतीवर पंखा. तिकडची साधी खानावळही अशीच असते, वर तिथे बसायला ठेंगणे स्टूल. मधोमध बांबूच्या टोपलीत चिकट भात, भोवती चटण्या, भाजलेला मासा, आणि सगळ्यांचे हात त्याच ताटल्यांत. काटा-चमचा लागत नाही हे ऐकल्यावर मामाला तो देश एकदम जवळचा वाटला.

तसा तो जवळचा आहेच. आग्नेय आशियात समुद्रकिनारा नसलेला तो एकटाच देश. नागपूरकराला ते दुःख समजावून सांगावं लागत नाही. त्यांचा मासा मेकाँगचा, आपला वैनगंगेचा आणि मालगुजारी तलावांचा. मिरची आणि पपई, ज्यांच्यावाचून त्यांचं पान हलत नाही, त्या दोन्ही मुळात अमेरिकेतल्या. आपल्याकडेही त्या तशाच परदेशातून आल्या आणि घरच्या झाल्या.

भाच्याने सुरुवात जिवापाड केली. चिकट तांदूळ आसामहून मागवला, तिकडे त्याला बोरा साऊळ म्हणतात. तो शिजवायला उलट्या टोपीसारखी निमुळती टोपली लागते. मोबाइलवरचं चित्र बघून बुरडाने ती विणून दिली आणि विचारलं, “मासोळ्या धरायची हाय का?” पपईच्या कोशिंबिरीसाठी मातीचा खल आणि लाकडी मुसळ आलं, मिरची भिवापूरची. मीठ आणि कोंडा लावून महिनोन्‌महिने आंबवलेल्या माशाचा पादेक नावाचा खार, तोही त्याने बरणीत घातला होता.

पहिल्याच आठवड्यात एक जाडगेलेसे वकीलसाहेब नाक धरून म्हणाले, “काय वास मारून राहिला बे हा?”

पादेक गेला, सोया सॉस आला. मग कोणी म्हणालं, कच्ची पपई आमच्या घरच्या बायका खात नाहीत. पपई गेली, कोबी आणि गाजर आलं. कोणी लाप मागवला. खिमा, लिंबू, पुदिना आणि भाजून कुटलेल्या तांदळाची भरड असा तो प्रकार. भरड दाताखाली कचकन लागली म्हणून तीही गेली. सोमवारवाल्यांसाठी पनीर आलं. शेवटी भातावर गदा आली. “हा तं गोळा झाला ना भाऊ, मोकळा नाही होत का?” भाच्याने बासमती लावला, कढईत परतला, वर लाल शेजवान चटणी घातली. प्रत्येक गिऱ्हाइकाचं म्हणणं आपापल्या परीने रास्त होतं. प्रत्येक बदलानंतर चार दिवस गल्लाही वाढला.

आणि मग तो बसला. कारण उघड होतं, फक्त भाच्याला दिसत नव्हतं. शेजवान भात आणि कोबी-गाजर कोपऱ्यावरचा चायनीजचा ठेलेवालाही देत होता, निम्म्या भावात. त्याला ना भाडं, ना पंख्याचं बिल. पाटीवर मात्र अजून ‘लाओ’ होतं.

“मामा, माझं चुकलं कुठं?”

“मले काऊन विचारतं? गिऱ्हाइकाले विचार. त्याइनंच तं सांगतलं ना तुले सगळं.”

भाचा चिडून मामाच्या भटारखान्यात उभा राहिला. म्हणाला, तुम्हीही बदललंतच की. आजीच्या वेळी जवसाचं तेल होतं, लाकडाची चूल होती. आता शेंगदाण्याचं तेल आहे, गॅस आहे, पाट्याच्या जागी मिक्सर आहे. मामाने हो म्हटलं. तो मसाला भाजत होता. दगडफूल, खसखस, मिरी, सुकं खोबरं, एकेक वेगळं, मंद आचेवर. नोकर दोन, पण झारा त्याच्याच हातात. एवढ्यात बाहेरून आवाज आला, “काका, तिखट जरा कमी करा ना.”

“मंग भाकर जास्त घ्या,” मामा झारा न थांबवता म्हणाला.

गिऱ्हाईक हसलं आणि खरंच एक भाकरी जास्त घेतली.

दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर गर्दी लोटते. 14 ऑक्टोबर 1956ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी तिथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या सोहळ्याला परदेशातूनही भिक्खू आणि उपासक येतात. त्या गर्दीतून एक लाओ आजी, तिचा नातू आणि एक भिक्खू पाटीवरची लाओ अक्षरं वाचत गाळ्यात आले. भाच्याला घाम फुटला. मोडक्यातोडक्या लाओत त्याने पाणी विचारलं, पण पुढे काय ठेवणार? आजीची नजर ओट्याखाली गेली. बुरडाची ती निमुळती टोपली तिथे होती, आत कांदे भरलेले. तिने कांदे जमिनीवर ओतले, टोपली उजेडात धरून वीण तपासली आणि तांदूळ मागितला. आसामचं अर्धं पोतं माळ्यावर पडून होतं. तांदूळ रात्रभर भिजायला हवा. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. तेव्हा सकाळचं ठरलं.

सकाळी तिने पातेल्याच्या तोंडावर टोपली बसवली, पाण्याला टेकणार नाही अशी, नुसत्या वाफेवर. अर्ध्यात टोपलीला हिसडा देऊन आख्खा गोळा उलटा केला. झाल्यावर पाटावर पसरून वाफ काढली. भाच्याच्या हातावर एक घास ठेवला. गोळा एकजीव होता आणि बोटाला शीत चिकटलं नाही. असा भात चिकटतो तो आपल्याआपल्यात. बोटांना लागला तर समजायचं की वाफेत काही बिघडलं.

पादेक नव्हताच. भाच्याने घाबरत सुक्या झिंग्याची पूड पुढे केली. आजीने ती खलात टाकली, पपई कुटली, चाखली, मान डोलावली. नातवाने सांगितलं, आमच्या गावात दर घराचा पादेक वेगळा असतो, आजी त्यावरून भांडत नाही. भातावरून मात्र तिने सुनेला दोनदा रडवलंय.

भिक्खूंच्या पात्रात पहिला घास पडला. मग मामा डोकावला, आजीच्या शेजारी बसला, चव घेतली आणि म्हणाला, “रस्सा कुठं हाय?” उठून रात्रीचा मटणाचा रस्सा गरम करून आणला. आजीने भाताची गोळी वळली, अंगठ्याने तिला खळगा पाडला आणि तर्रीत बुडवली. नाकातून पाणी आलं, कपाळावर घाम आला, आणि तिने दुसरी गोळी वळली.

ते गेल्यावर कांदे परत टोपलीत गेले नाहीत. भाचा रात्री तांदूळ भिजवू लागला, दुसऱ्या दिवशी जेवढा खपेल असं वाटे तेवढाच. पपई परत आली, तांदळाची भरड आली. पादेकाची बरणी नव्याने लागली, तोवर झिंगा. पनीर त्याने राहू दिलं. सोमवार नागपुरात राहणारच. पहिले दोन महिने ओढाताणीचेच गेले. भाडं मामाने थांबवलं नाही, एवढंच की उशिरा घेतलं.

एका रात्री नऊला ते वकीलसाहेब आले. सोबत तीन जण.

“भात संपला साहेब.”

“साधा लाव ना मग.”

“साधा मामाकडं भेटंल, शेजारी.”

“अन् हा?”

“रात्री भिजवावा लागतो. उद्या.”

साहेबांनी आत बघितलं, शेवटच्या टेबलावर कोणीतरी टोपली रिकामी करून झाकण लावत होतं. त्यांनी खिशातून पैसे काढून गल्ल्यावर ठेवले. “चार जणांचा भिजव.”

“अन् वासाचं?”

“खिडकीपाशी बसव.”