सहावी सूना

गृहस्थाच्या घरात पाच ‘सूना’ असतात, असे धर्मशास्त्र सांगते. सूना म्हणजे जिथे जीवहिंसा घडते ती जागा. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी बारीक जीव नकळत मरतात, आणि या वस्तूंवाचून घर चालत नसल्यामुळे तो दोष कोणालाही चुकवता येत नाही. या विचाराचे मोल असे की तो गृहस्थाला चूल विझवायला सांगत नाही आणि दोषाकडे डोळेझाकही करू देत नाही. दोष नाव घेऊन सांगतो आणि त्याच्या परिहारासाठी पंचमहायज्ञ, म्हणजे अध्ययन-अध्यापन, पितरांचे तर्पण, देवांसाठी होम, प्राणिमात्रांना अन्न देणारा भूतयज्ञ आणि अतिथीला जेवू घालणारा नृयज्ञ, ही रोजची कर्तव्ये नेमून देतो. पाच सूनांची ही यादी मनुस्मृतीत येते, आणि ज्या ग्रंथाचे 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला दहन झाले त्याचा आधार घेताना त्यातील विषमतेचा विसर पडून चालणार नाही. मात्र पंचमहायज्ञांची कल्पना त्याहून जुनी असून ती शतपथ ब्राह्मणात आढळते.

आजच्या स्वयंपाकघरात या पाचांच्या जोडीला फ्रीज आला आहे. फ्रीज थंडावा निर्माण करत नाही. आतली उष्णता उचलून तो बाहेर टाकतो. नळ्यांतून फिरणारा द्रव आत वायुरूप होताना उष्णता शोषतो, कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो आणि मागच्या जाळीतून ती उष्णता स्वयंपाकघरात सोडली जाते. हे काम रात्रंदिवस चालते, म्हणून यंत्र लहान असले तरी त्याचा हिशेब वर्षाचा धरावा लागतो. मध्यम आकाराचा बरा फ्रीज वर्षाला साधारण 150 ते 250 युनिट वीज घेतो. दाराचे रबर सैल झालेला जुना फ्रीज याहून पुष्कळ अधिक घेतो. महाराष्ट्रात घरगुती विजेच्या पहिल्या 100 युनिटांचा दर कमी आणि त्यापुढच्या टप्प्याचा बराच चढा असल्यामुळे, फ्रीजचे युनिट कोणत्या टप्प्यात पडतात त्यावर महिन्याचा खर्च सुमारे 100 ते 200 रुपये होतो. ही रक्कम मध्यमवर्गीय घराला जड नाही, आणि नेमके त्यामुळेच तिच्यामागचा प्रश्न कोणी विचारत नाही.

तो प्रश्न असा की बिल भरल्याने ऋण फिटते का? कोळशावरच्या वीजकेंद्रात एका युनिटामागे सुमारे 600 ते 700 ग्रॅम कोळसा जळतो आणि भारतीय कोळशात राखेचे प्रमाण 30 ते 40 टक्क्यांपर्यंत असते. वर्षाला 200 युनिट घेणाऱ्या फ्रीजची सगळी वीज अशा केंद्रातून आली असे धरले, तर त्याच्या नावावर सव्वाशे किलोंच्या आसपास कोळसा आणि 40 ते 50 किलो राख जमा होते. पूर्वी चुलीची राख घरातच राहत असे आणि तिने भांडी घासली जात. आता ती चंद्रपूर किंवा कोराडीच्या वीजकेंद्रांच्या परिसरात साठते आणि तिथली हवा, पाणी व शेती तिचा भार वाहतात. प्राचीन सूना गृहस्थाच्या पायापाशी होत्या, मेलेली मुंगी त्याला दिसू शकत होती. सहावी सूना त्याच्या नजरेआड शेकडो किलोमीटरवर आहे, आणि उष्णतेप्रमाणेच हिंसाही येथे नाहीशी न होता केवळ दुसरीकडे टाकली जाते. किंमत हा विक्रेता आणि ग्राहक यांच्यातला हिशेब आहे. ज्याच्या पिकावर राख बसते तो त्या व्यवहारात पक्षकारच नसतो, म्हणून बिलाची पावती त्याच्या वतीने ऋणमुक्ती देऊ शकत नाही.

फ्रीजच्या धार्मिक चर्चेत बहुधा शिळ्या अन्नाचा मुद्दा पुढे येतो, कारण गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळे अन्न तामसांना प्रिय म्हटले आहे. तो मुद्दा गौण मानावा. शीतला सप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचे अन्न श्रद्धेने खाल्ले जाते, आणि शिवाय ती सगळी चर्चा खाणाऱ्याच्या प्रकृतीची आहे. त्याच्या खाण्याचा भार कोणी वाहिला, हे ती विचारत नाही.

खरी अडचण अधिक खोल आहे. ज्या पाच यज्ञांनी या दोषाचा परिहार व्हायचा, त्यांतल्या भूतयज्ञ आणि नृयज्ञ यांनाच फ्रीजमुळे ओहोटी लागली. उरलेले अन्न टिकत नव्हते तोवर ते गाय, कुत्रा, कावळा किंवा दारी आलेला माणूस यांच्याकडे जाणे भागच होते. आता ते उद्यासाठी डब्यात जाते. तरीही त्या जुन्या दानाचे गोडवे गाता येत नाहीत. दारावर मिळणाऱ्या शिळ्या तुकड्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान कालवलेला होता, आणि मार्च 1927 च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते अन्न घेणे सोडण्याचे आवाहन केले ते याचसाठी. शिवाय फ्रीजने रोज दोन्ही वेळ ताजे रांधण्याच्या सक्तीतून अनेक स्त्रियांना काही तास परत मिळवून दिले आहेत आणि इन्सुलिनसारखी औषधे घरात जपून ठेवणे शक्य केले आहे. संन्यस्ताची कसोटी येथे लावणे अन्यायाचे ठरेल. जैन परंपरा साधूला अन्नाचा रात्रभर संचय निषिद्ध मानते, पण श्रावकाला, म्हणजे गृहस्थाला, ती परिग्रह-परिमाण हे व्रत देते: संग्रह करावा, पण त्याची मर्यादा स्वतः आधी ठरवून. चार माणसांच्या घरात किती लिटरचा फ्रीज हवा, हा या व्रताच्या कक्षेत येणारा प्रश्न आहे, आणि तो दुकानात नव्हे तर घरी सुटला पाहिजे.

2016 साली कोचीत एका उपाहारगृहाने रस्त्यालगत फ्रीज ठेवला. कोणीही त्यात अन्न ठेवावे आणि भुकेल्याने ते न मागता घ्यावे, अशी ती व्यवस्था होती. देणारा आणि घेणारा समोरासमोर येत नाहीत, त्यामुळे हात पसरावा लागत नाही. जी सूना आहे तिलाच येथे नृयज्ञाचे साधन केले आहे. मात्र राखेचा प्रश्न अशा फ्रीजनेही सुटत नाही. भूतयज्ञात अंगणात ठेवलेला घास चंद्रपूरच्या शेतापर्यंत पोहोचत नाही. तिथले देणे गृहस्थाला नागरिक म्हणूनच फेडावे लागेल, म्हणजे राखेच्या विल्हेवाटीचा पूर्ण खर्च विजेच्या दरात धरला जावा अशी मागणी करून आणि त्यामुळे स्वतःचे बिल वाढले तर ते मान्य करून.